गाळलेली नावे

स्मारक म्हटले की मान वर करायची, ही आपली जुनी सवय. उंच चौथरा, त्यावर अश्वारूढ वीर किंवा हातात ग्रंथ घेतलेला पुढारी, भोवती लोखंडी कठडा, आणि जयंतीच्या दिवशी शिडी लावून गळ्यात घातलेला हार. हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसलेले आहे की, ज्याच्याकडे पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही त्याला स्मारक म्हणावे, असे आपल्याला वाटतच नाही. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात मात्र एक स्मारक असे आहे की, ते पाहायचे तर मान खाली घालावी लागते. त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीवर आहे. त्यावरून माणसे ये-जा करतात, मुले पळतात, उन्हाचे दिवस असले की त्याच्या पायऱ्यांवर बसून लोक पाव खातात. आणि आपण एका स्मारकावर बसलो आहोत, हे त्यांतील कित्येकांच्या ध्यानीही येत नाही.

गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण, एवढेच ते स्मारक. समलिंगी स्त्रीपुरुषांचा केवळ ते तसे आहेत म्हणून आजवर जो छळ झाला त्याची आठवण राहावी, आणि हे शहर जितके इतरांचे तितकेच त्यांचेही आहे हे उघडपणे सांगितले जावे, म्हणून ते बांधले गेले. डच भाषेत त्याला 'होमोमोन्युमेंट' म्हणतात. त्याचे उद्घाटन ५ सप्टेंबर १९८७ रोजी झाले. आपल्याकडे तो शिक्षकदिन. हा अर्थात निव्वळ योगायोग. पण मला तो पुढे फार लागून राहिला.

मी ॲमस्टरडॅम पाहिलेले नाही. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या मास्तराला न पाहिलेल्या शहरांविषयी ठासून बोलण्याची सवय असते, त्या सवयीने आणि नकाशे, छायाचित्रे व पुस्तके ह्यांच्या आधाराने मी हे लिहीत आहे. ह्या दगडांशी माझी ओळख झाली ती वर्गातल्या एका प्रश्नामुळे. त्यांनी माझा पिच्छा सोडला नाही, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. ते शेवटी सांगेन. आधी दगडांची हकिकत.

ॲन फ्रँक हे नाव आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ही ज्यू मुलगी १९४२ च्या जुलैपासून १९४४ च्या ऑगस्टपर्यंत, प्रिन्सेनग्राख्त नावाच्या कालव्याच्या काठी, २६३ क्रमांकाच्या इमारतीच्या मागल्या भागात आईवडील व बहीण ह्यांच्यासह लपून राहिली, आणि तिथेच तिने आपली रोजनिशी लिहिली. जवळच वेस्टरकेर्क हे जुने चर्च आहे. चित्रकार रेम्ब्रां १६६९ साली ह्याच चर्चमध्ये पुरला गेला. त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचे टोल ॲनला लपल्या जागी ऐकू येत, आणि त्यांचा तिला आधार वाटे. एकदा मुलांना ह्या भागाचा नकाशा दाखवीत असता पुढच्या बाकावरच्या एका मुलीने चर्चच्या शेजारी बोट ठेवले आणि विचारले, "सर, हे त्रिकोण कसले?" मला उत्तर आले नाही. "उद्या सांगतो," असे मी म्हणालो. मास्तरांच्या 'उद्या'चा अर्थ मुले बरोबर ओळखतात. पण मी त्या रात्री खरोखरच शोध घेतला.

कारिन दान ह्या डच शिल्पकार बाईंनी ह्या स्मारकाचा आराखडा केला. वेस्टरमार्क्ट हा चर्चशेजारचा चौक आणि त्याच्या कडेने वाहणारा केझर्सग्राख्त हा कालवा, ह्यांच्या काठावर हे तीन त्रिकोण आहेत. प्रत्येकाची बाजू १० मीटरची. तिघांची टोके फरसबंदीत बसवलेल्या गुलाबी दगडांच्या ओळींनी एकमेकांना जोडली आहेत, आणि त्यांतून ३६ मीटर बाजूचा एक मोठा त्रिकोण तयार होतो. तो सबंध आकार जमिनीवरून सहसा एका दृष्टिक्षेपात दिसत नाही; तो पायांनी चालूनच कळतो.

ह्या तीन त्रिकोणांपैकी एक रस्त्याच्या पातळीत आहे. त्याचे टोक ॲन फ्रँकच्या घराच्या दिशेला रोखलेले आहे, आणि तो भूतकाळाचा मानला जातो. दुसरा जमिनीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंच, ओट्यासारखा आहे. त्याचे टोक 'सीओसी' ह्या समलिंगी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेच्या त्या वेळच्या कार्यालयाकडे होते, तो भविष्याचा. तिसरा पायऱ्यांनी उतरत थेट कालव्याच्या पाण्यात जातो. त्याचे टोक शहराच्या मध्यावर असलेल्या डाम चौकातील राष्ट्रीय युद्धस्मारकाकडे आहे, तो वर्तमानकाळाचा. लोक फुले आणून ठेवतात ती बहुधा ह्या पाण्याकाठच्या त्रिकोणावर. आपल्याकडच्या घाटाची आठवण व्हावी, असे ते दृश्य छायाचित्रांत दिसते.

त्रिकोणच का, आणि गुलाबीच का? नाझींच्या छळछावण्यांत कैद्यांच्या अंगरख्यावर त्यांच्या तथाकथित गुन्ह्याप्रमाणे रंगीत कापडी त्रिकोण शिवलेले असत. राजकीय कैद्याला लाल, आणि समलिंगी म्हणून पकडलेल्या पुरुषाला गुलाबी. जर्मन दंडविधानातील १७५ वे कलम नाझींनी १९३५ साली अधिक कडक केले. त्या राजवटीत सुमारे ५० हजार पुरुषांना ह्या कलमाखाली शिक्षा झाल्या, आणि ५ हजार ते १५ हजारांच्या दरम्यान माणसे छावण्यांत धाडली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९४५ मध्ये छावण्यांची दारे उघडली. परंतु हे कलम नाझींनी केलेल्या स्वरूपातच पश्चिम जर्मनीत १९६९ पर्यंत चालू राहिले. म्हणजे छावणीतून जिवंत सुटलेल्या माणसाने "मला अमुक कारणासाठी तिथे ठेवले होते" असे म्हणावे, तर तो स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करी. साहजिकच ही माणसे गप्प राहिली. इतरांच्या मृतांसाठी स्तंभ उभे राहिले, नावे कोरली गेली. ह्यांच्या मृतांसाठी रडायलासुद्धा दार लावून घ्यावे लागले.

हॉलंडची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती निराळेपणाने सांगितली पाहिजे. त्या देशात १७३० साली ह्या 'गुन्ह्या'वरून मोठी धरपकड झाली. उट्रेख्त शहरापासून तिला सुरुवात झाली आणि ती गावोगाव पसरली. १७३१ मध्ये ख्रोनिंगन प्रांतातील फान ह्या लहानशा खेड्याच्या परिसरातील २२ पुरुष व मुलगे ह्यांना एकाच दिवशी मृत्युदंड दिला गेला. ॲमस्टरडॅममध्येही माणसे मारली गेली. मृत्यूच्या शिक्षा त्या काळी डाम चौकातील नगरभवनात फर्मावीत. त्याच वास्तूला आज राजवाडा म्हणतात. पुढे १८११ साली फ्रेंच दंडविधान लागू झाले आणि हा गुन्हाच कायद्यातून गेला. शंभर वर्षे बऱ्यापैकी शांततेत गेल्यावर १९११ साली '२४८ बिस' हे कलम आले. स्त्रीपुरुषांच्या संबंधांना संमतिवयाची मर्यादा १६ वर्षांची होती. समलिंगी संबंधांना ती २१ वर्षांची करण्यात आली. जर्मनांनी मे १९४० मध्ये देश व्यापला, आणि जुलैअखेरीस वटहुकूम काढून पुरुषांमधील समलिंगी संबंध सरसकट गुन्हा ठरवले. मात्र केवळ ह्या कारणावरून हॉलंडमधून छावण्यांत धाडल्या गेलेल्यांची संख्या जर्मनीच्या मानाने फार थोडी होती, असेच संशोधकांना आढळले आहे. स्मारकाला विरोध करणारे हा मुद्दा मांडू शकतात. पण हे स्मारक त्या पाच वर्षांपुरते नाही. फानच्या २२ जणांचेही ते आहे.

युद्ध संपल्यावर, १९४६ साली, काही मंडळींनी ॲमस्टरडॅममध्ये एक मंडळ काढले. त्याचे नाव 'शेक्सपिअर क्लब'. तीन वर्षांनी ते बदलून 'संस्कृती व विरंगुळा केंद्र' अशा अर्थाचे झाले. वर उल्लेखलेली सीओसी ती हीच. समलिंगी माणसांच्या संस्थेने नाटककाराच्या नावाआड, नंतर विरंगुळ्याच्या नावाआड लपावे, ह्यातच त्या काळाची सारी कथा आली. ह्या संस्थेला कायदेशीर मान्यता मिळायला १९७३ साल उजाडावे लागले.

आता त्या पुष्पचक्राची गोष्ट. डाम चौकातील राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन राणी युलियाना ह्यांच्या हस्ते ४ मे १९५६ रोजी झाले. २२ मीटर उंचीचा तो पांढरा स्तंभ आहे. दर वर्षी ४ मेच्या संध्याकाळी ८ वाजता सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो, आणि ह्या स्तंभापाशी पुष्पचक्रे वाहिली जातात. ४ मे १९७० रोजी काही समलिंगी तरुण तिथे फिकट जांभळ्या रंगाचे एक पुष्पचक्र घेऊन आले. आपल्यातलेही मेले आहेत, त्यांच्यासाठी आम्हांला फुले वाहू द्या, एवढेच त्यांचे मागणे. पोलिसांनी त्यांना पकडले. पुष्पचक्र तिथून काढून टाकण्यात आले, आणि हा प्रकार लाजिरवाणा ठरवला गेला.

मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो. मारणे समजते, त्यामागे द्वेष असतो. तुरुंग समजतो, त्यामागे कायदा असतो. पण मेलेल्या माणसासाठी आणलेली फुले उचलून टाकायला काय लागते? ते काम करणाऱ्यांच्या मनात फार मोठा द्वेष असेलच असे नाही. समारंभ नीट पार पडावा, पाहुण्यांसमोर उगाच चर्चा नको, एवढ्या साध्या इच्छेनेही ते होऊ शकते. हे मी अनुभवाने सांगत आहे.

त्या संध्याकाळी जे घडले त्यातूनच, पुढे नऊ वर्षांनी, स्वतंत्र स्मारकासाठी एक न्यास स्थापन झाला. मध्यंतरी १९७१ साली '२४८ बिस' रद्द झाले होते. १९७९ ते १९८७ ही आठ वर्षे पैसा उभा करण्यात गेली. सामान्य माणसांनी आणि संस्थांनी वर्गणी दिली. नगरपालिका, प्रांत आणि संसद ह्यांनीही हात लावला. आणि जो त्रिकोण पाण्यात उतरतो त्याचे टोक नेमके डाम चौकाकडे, म्हणजे जिथे ती फुले नाकारली गेली त्या जागेकडे वळवलेले आहे. त्यात राग असेलही; मला मात्र त्यात आठवण करून देणे दिसते. तुमच्या स्तंभाशी आमचे नाते आहे, ते तुम्ही मानले नाही तरी आहे, असे तो दगड म्हणतो.

हे नाते किती खरे होते, ह्याला विलेम आरोंडेयस हा साक्षीदार आहे. १८९४ साली जन्मलेला हा चित्रकार आणि कादंबरीकार. आपण समलिंगी आहोत हे त्याने, ज्या काळी कोणी बोलत नसे त्या काळी, लपवले नाही. जर्मनांनी प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र सक्तीचे केले होते, आणि लपलेल्या ज्यूंना वाचवण्यासाठी आरोंडेयस व त्याचे सहकारी खोटी ओळखपत्रे तयार करीत. परंतु ॲमस्टरडॅमच्या लोकसंख्या-नोंदणी कचेरीतील कार्डाशी ताडून पाहिले की खोटे पत्र उघडे पडे. तेव्हा ती कचेरीच नष्ट करायची असे ठरले. २७ मार्च १९४३ च्या रात्री ही मंडळी पोलिसांच्या वेषात आत शिरली. ते गणवेश श्यूर्ड बाकर ह्या शिंप्याने बेतले होते, तोही समलिंगी. पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध टोचून बाहेर ठेवले, कपाटांतील कार्डांचे ढीग जमिनीवर ओतले आणि सुरुंग लावले. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी सावकाशीने काम केले आणि पाण्याचा इतका मारा केला की, आगीतून वाचलेली कार्डेही भिजून गेली, असे सांगतात. कोणाचाही जीव न घेता काही लाख कार्डे नाहीशी झाली.

फितुरी झाली आणि थोड्याच दिवसांत मंडळी पकडली गेली. १ जुलै १९४३ रोजी बाराजणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत आरोंडेयस आणि बाकर होते. ह्या कटात सामील असलेली फ्रीडा बेलिनफान्ते ही चेलो वाजवणारी कलावती, तीही समलिंगी, पुरुषाच्या वेषात लपत राहिली आणि अखेर स्वित्झर्लंडला निसटली. मरणापूर्वी आरोंडेयसने आपल्या वकील मैत्रिणीकडे, लाउ माझिरेल हिच्याकडे, एक निरोप दिला: समलिंगी माणसे भेकड नसतात, हे लोकांना कळू दे. देशासाठी मरायला निघालेल्या माणसाची शेवटची इच्छा ही. देशाने ती लवकर ऐकली नाही. हल्ल्याची कथा सांगितली जाई. त्याच्या स्वभावाचा हा भाग मात्र कित्येक वर्षे सांगितला जात नसे. १९८४ साली त्याला मरणोत्तर प्रतिकार-स्मृतिपदक मिळाले, आणि १९८६ साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. इतरांची नावे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ज्याने याद्या जाळल्या, त्याचे स्वतःचे नाव योग्य यादीत यायला ४० वर्षांहून अधिक काळ लागला.

पण ह्या साऱ्यात माझे मन ज्याच्यापाशी सर्वांत अधिक थांबले, तो माझ्याच पेशाचा माणूस. भूतकाळाचा म्हणून जो त्रिकोण सांगितला, त्यावर एका कवितेची ओळ कोरलेली आहे, मैत्रीच्या ओढीविषयीची. कवी याकोब इस्राएल दे हान. जन्म १८८१ चा, घर धर्मनिष्ठ ज्यूंचे. ॲमस्टरडॅममध्ये तो शाळामास्तर होता, आणि एका समाजवादी दैनिकातील मुलांचे पान चालवीत असे. १९०४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षात, त्याने 'पाइपेलाइन्त्येस' ही कादंबरी लिहिली. शहराच्या एका गरीब वस्तीत एकत्र राहणाऱ्या दोन तरुणांची ती कथा. पुस्तक बाहेर पडले आणि मास्तराची नोकरी गेली. मुलांचे पानही काढून घेण्यात आले. ज्या लेखक-मित्राला पुस्तक अर्पण केले होते त्याने, दे हानच्या वाग्दत्त वधूच्या साहाय्याने, जवळजवळ सगळ्या प्रती विकत घेऊन नाहीशा केल्या. त्या दोघांना दुष्ट म्हणवत नाही. त्याचे नाव वाचवावे म्हणूनच त्यांनी त्याचे पुस्तक बुडवले असावे.

दे हान पुढे कायद्याचा अभ्यासक झाला. रशियाच्या तुरुंगांतील राजकीय कैद्यांचे हाल त्याने जाऊन पाहिले व त्यांवर लिहिले. १९१९ मध्ये तो पॅलेस्टाइनला गेला. तिथे तो जुन्या वळणाच्या धर्मनिष्ठ ज्यूंचा कैवारी आणि झिओनवाद्यांचा विरोधक बनला. ३० जून १९२४ रोजी जेरुसलेममध्ये त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. ते राजकारण निराळे; त्याच्या समलिंगी असण्याचा त्या हत्येशी मी संबंध जोडत नाही. मला दिसतो तो १९०४ सालचा तरुण मास्तर, शाळेच्या पायऱ्या उतरणारा. त्यानंतर ८३ वर्षांनी, त्याच शहराने त्याची ओळ ग्रॅनाइटमध्ये कोरली.

दगडाने काय होते, असे कोणी विचारील. दगड बसवला म्हणून टवाळी थांबत नाही, आणि मारहाणही थांबत नाही, हे खरेच. तरी पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९९६ पासून ह्या शहराच्या कालव्यांतून दर उन्हाळ्यात समलिंगी व पारलिंगी मंडळींच्या सजवलेल्या नावांची मिरवणूक निघते आणि काठावर हजारो लोक जमतात. १ एप्रिल २००१ रोजी, मध्यरात्र उलटताच, ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात महापौर योब कोहेन ह्यांनी चार समलिंगी जोडप्यांचे विवाह लावले. जगातले असले कायदेशीर विवाह ते पहिलेच. आणि ४ मेच्या संध्याकाळी आता ह्या तीन त्रिकोणांपाशीही लोक जमून मृतांना फुले वाहतात. दुसऱ्या दिवशी, मुक्तिदिनाला, तिथेच गाणे-नाचणे होते. शोक आणि सण एकाच दगडावर. आपल्याकडे पितृपंधरवडा संपताच घटस्थापना येते. आपल्याला ह्यात नवल वाटू नये.

असली स्मारके आता इतर शहरांतही आहेत. बर्लिनमध्ये २००८ साली, छळल्या गेलेल्या समलिंगी लोकांसाठी एक करड्या रंगाची काँक्रीटची पेटी उभी राहिली. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल ह्या मद्यगृहापाशी जून १९६९ मध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध लोक उभे राहिले होते. तो परिसर २०१६ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला. परंतु त्याच स्मारकाच्या सरकारी माहितीतून फेब्रुवारी २०२५ मध्ये पारलिंगी लोकांचा उल्लेख काढून टाकण्यात आला. म्हणजे नावे गाळण्याचे काम काही संपलेले नाही. एकदा लिहिलेले नावही पुन्हा खोडता येते.

आता माझे कारण सांगतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. मराठीचा निबंध त्याचा सर्वांत चांगला, आणि स्नेहसंमेलनातल्या नाटकात स्त्रीभूमिका नेहमी त्याची. त्याच्या चालण्यावरून आणि बोलण्यावरून आम्ही त्याला एक नाव पाडले होते. ते मी इथे लिहीत नाही. पण ते पाडणाऱ्यांत मी होतो. शाळा संपल्यावर तो मुंबईला गेला आणि गावाकडे फारसा आला नाही. एका मित्राबरोबर राहतो, एवढे गावाला माहीत होते, आणि गाव ते डोळे मिचकावून सांगे. मी त्याच शाळेत मास्तर झालो. २०१६ साली शाळेच्या पत्त्यावर एक पत्र आले. अक्षर नीटनेटके. "आपले माजी विद्यार्थी अमुक ह्यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते शाळेची आठवण नेहमी काढीत. आपल्या नोंदीसाठी कळवीत आहे." खाली सही, आणि सहीखाली एकच शब्द: मित्र.

दर वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, त्या वर्षी निवर्तलेल्यांची नावे वाचून दोन मिनिटे उभे राहण्याची आमच्याकडे प्रथा आहे. यादी मी वाचतो. त्या वर्षी मेळाव्याच्या आधी व्यवस्थेतल्या एकाने हळूच सांगितले, "गुरुजी, ते नाव राहू द्या. उगाच चर्चा नको." त्याने मला दरडावले नव्हते, आणि माझी नोकरीही जाणार नव्हती. मी पेन काढले आणि नावावर रेघ मारली. सभागृहात सात नावे वाचली. आठवे वाचले नाही. मित्राच्या पत्राला उत्तरही पाठवले नाही.

आपल्या देशात त्या वेळी इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतले ३७७ वे कलम लागू होते. प्रौढ माणसांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरवले. तो निकाल वाचताना मला पहिल्यांदा त्या रेघेची आठवण झाली. पण माझ्या हाताने मारलेली ती रेघ काही कलमाने मारायला लावलेली नव्हती. मृताचे नाव वाचायला कायद्याने कोणालाच कधी मनाई केली नव्हती. म्हणून निकालाने ती पुसलीही गेली नाही. मग वर्गातल्या त्या मुलीने नकाशावर बोट ठेवले. शोध घेता घेता मी डाम चौकातल्या पुष्पचक्रापर्यंत आलो, आणि ते उचलून नेणाऱ्यांत मला माझा चेहरा दिसला.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. फळ्यावर तीन त्रिकोण काढले आणि जे वर लिहिले आहे ते मुलांना झेपेल तेवढे सांगितले. मागच्या बाकांवर कोणी तरी हसले. हसणारा मुलगा कोण, हे मी पाहिले नाही. ते हसणे माझ्या ओळखीचे होते. शिक्षा केली नाही. फक्त पुष्पचक्राची गोष्ट पुन्हा एकदा, सावकाश सांगितली. दुसऱ्या वेळी कोणी हसले नाही.

गेल्या मेळाव्यात पुन्हा यादी माझ्याकडे होती. त्या वर्षीची पाच नावे वाचून झाल्यावर मी म्हणालो, "२०१६ सालच्या यादीतले एक नाव माझ्या चुकीने वाचायचे राहिले होते." आणि ते वाचले, पुढे दहावीचे वर्ष, जसे सर्वांचे वाचतो तसे. ते नाव मी इथे छापत नाही, कारण छापलेल्या कागदावर त्याला न्यावे की नाही हे ठरवणारा तो आता नाही. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ते आहेच, आणि तिथून वाचायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आठ वर्षांपूर्वीही लागत नव्हती. सभागृह दोन मिनिटे उभे राहिले. कोणी काही बोलले नाही. मग खुर्च्या सरकल्या आणि चहा आला.

त्या रात्री मी जुन्या पत्त्यावर एक पत्र टाकले. त्यात मेळाव्याची हकिकत लिहिली आणि उशिराबद्दल क्षमा मागितली. ते परत आलेले नाही, आणि त्याचे उत्तरही आलेले नाही.